पहिलवानाची दौलत : गेली कशी, आली कशी



आपल्या लोहारा भागात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणले, हे जुन्या मंडळींना चांगले आठवत असेल. पहिलवानाचे कौतुक आपल्याला नवे नाही. पण फडावरचा फेटा उतरल्यावर त्या गड्याच्या संसाराचे काय झाले, हे मात्र आपण फारसे विचारीत नाही.

आज आम्ही अमेरिकेतल्या एका मुष्टियोद्ध्याची हकीकत सांगणार आहोत. त्याने कोणाला किती ठोसे मारले, यापेक्षा त्याच्या पैशाचे काय झाले, हे सांगण्यासारखे आहे. त्याची कमाई आपल्या उसाच्या बिलासारखी होती. आली की एकदम यायची, आणि मग बरेच दिवस काहीच नाही. म्हणून ही हकीकत आपल्याला परकी वाटणार नाही.

गरिबीतून गादीवर

जॉर्ज फोरमन याचा जन्म १० जानेवारी १९४९ रोजी टेक्सास प्रांतातल्या मार्शल गावी झाला. वाढला ह्यूस्टन शहरातल्या गरीब वस्तीत. घरात खाणारी तोंडे बरीच, कमावती आई. शाळा अर्धवट सुटली, पोरगं उनाड झालं. गरीब मुलांना धंदा शिकवण्यासाठी तिथल्या सरकारने काढलेल्या योजनेत तो दाखल झाला आणि तिथेच मुष्टियुद्ध शिकला. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिम्पिकमध्ये एकोणीस वर्षांच्या या पोराने सर्वांत वजनदार गटाचे सुवर्णपदक जिंकले.

पुढे २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकात त्याने जगज्जेत्या जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले आणि गादी मिळवली. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेत किन्शासा येथे महंमद अली याने आठव्या फेरीत त्याला चीत केले. गादी गेली, पण त्या एका रात्रीचे दोघांनाही प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले. त्या वेळच्या दराने हे सुमारे ४ कोटी रुपये होतात. भरभराटीच्या दिवसांत या गड्याने घरी सिंह आणि वाघसुद्धा पाळले होते. यावरून खर्चाचा हात किती सैल होता, याची कल्पना यावी.

पैसा गेला कसा

१७ मार्च १९७७ रोजी जिमी यंग याच्याकडून फोरमन हरला. लढतीनंतर त्याचे मन पालटले. त्याने हातमोजे उतरवले आणि तो धर्मोपदेशक झाला. ह्यूस्टनला लहानसे चर्च काढले. १९८४ साली वस्तीतल्या पोरांसाठी व्यायामाचे आणि खेळाचे एक केंद्र उभारले. पोरं रस्त्यावर बिघडू नयेत, हा हेतू.

काम चांगले होते, पण त्यातून मिळकत नव्हती. दहा वर्षे कमाईचा काटा शून्यावर राहिला आणि खर्च चालूच होता. आधी साठवलेल्या पैशातला बराचसा भाग गुंतवणुकीत बुडाला. ज्या धंद्यातले स्वतःला कळत नाही, तिथे दुसऱ्याच्या भरवशावर पैसा टाकला की व्हायचे तेच झाले. घर हातचे जाण्याची वेळ जवळ आली होती, असे पुढे तो स्वतःच सांगत असे.

इथे जरा थांबून आपण हिशेब समजून घेऊ. फोरमनचा पैसा कोणी दरोडा घालून नेला नाही. कमाई एकदम येते, खर्च मात्र रोज होतो. पैसा पोत्याने आला की माणसाला ते पोते बिनबुडाचे दिसत नाही. आपल्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. बिल आले की सोसायटीची वसुली होते आणि उरलेली रक्कम एकदम हाती येते. त्याच आठवड्यात गाडीचा विक्रेता येतो, लग्नाची बोलणी निघतात, दामदुप्पट देणारा कोणी पाव्हणाही दारात हजर होतो. पुढचे बिल मात्र वर्षाने. आणि वर्ष दुष्काळाचे निघाले तर? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याने आदल्या बिलातून काही मागे ठेवले होते, त्याचे ते वर्ष निभावले. ज्याने ठेवले नव्हते, तो सावकाराच्या ओट्यावर बसला.

बुडालेले दुसरे

फोरमन एकटा नव्हता. जो लुईस हा त्याच्या आधीच्या पिढीचा नामांकित जगज्जेता. १९४२ साली त्याने दोन लढतींचे उत्पन्न सैन्याच्या मदतनिधीला दिले, तरी कर त्याच्याच नावावर चढला. कराचे देणे व्याजासह फुगत गेले. उतारवयात त्याला पोटासाठी तमाशावजा कुस्त्या खेळाव्या लागल्या आणि पुढे जुगाराच्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करावी लागली. माईक टायसनने तर कोट्यवधी डॉलर मिळवून २००३ साली दिवाळखोरीचा अर्ज दिला.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण म्हणजे भगवानदादा. गिरणी कामगारांतून वर आलेला, कसरतीचा आणि कुस्तीचा शौक असलेला हा माणूस १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाने घराघरांत पोचला. जुहूला बंगला झाला, दारात सात मोटारी उभ्या राहिल्या. पुढचे चित्रपट स्वतःचा पैसा घालून काढले, ते बुडाले. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि दादा दादरच्या चाळीत परतले. २००२ साली ते वारले. लोकांचे प्रेम शेवटपर्यंत राहिले, पण गेलेली दौलत परत आली नाही. फोरमनची आली. का आली, तेच समजून घ्यायचे आहे.

पुन्हा रिंगणात

पोरांच्या केंद्राला पैसा कमी पडू लागला. एका सभेत त्याच्यासाठी लोकांपुढे हात पसरला गेला, तेव्हा फोरमनला शरम वाटली. पुन्हा कधी मागायचे नाही, आपल्याला जे येते त्यातूनच मिळवायचे, असे त्याने ठरवले. हा प्रसंग त्याने आत्मचरित्रात लिहिला आहे.

९ मार्च १९८७ रोजी, अडतिसाव्या वर्षी, तो पुन्हा रिंगणात उतरला. वजन सुमारे १२१ किलो. लोक हसले. म्हातारा बैल औताला जुंपला म्हणून चेष्टा झाली. त्याने एकदम मोठी लढत मागितली नाही. लहान गावांत, कमी नावाच्या गड्यांशी, थोड्या पैशावर लढला. १९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत चौदा लढती केल्या आणि एकही हरला नाही. आधी खोडव्याची निगा राखावी, मग नव्या लागणीचा विचार करावा, तसेच हे.

१९ एप्रिल १९९१ रोजी बेचाळिसाव्या वर्षी तो जगज्जेत्या इव्हँडर होलीफिल्डसमोर पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला. गुणांवर हरला, पण त्या लढतीचे सुमारे सव्वा कोटी डॉलर मिळाले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगासला सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररविरुद्ध नऊ फेऱ्या तो मागेच पडत होता. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक ठोसा बसला आणि मूरर आडवा झाला. अलीविरुद्ध हरताना घातलेलीच लाल चड्डी त्या रात्री फोरमनच्या अंगावर होती. पंचेचाळिसाव्या वर्षी वजनदार गटाचा जगज्जेता! इतक्या वयाचा जगज्जेता त्या गटात तोवर झालेला नव्हता.

शेगडीचा हिस्सा

पण खरी दौलत ठोशातून आली नाही, शेगडीतून आली. साल्टन नावाच्या कंपनीने विजेवर चालणारी एक शेगडी काढली होती. ती उतरती असल्यामुळे भाजताना मांसातली चरबी वाहून खालच्या ताटलीत पडायची. वस्तू साधीच होती. तिला फोरमनचे नाव दिले आणि तो स्वतः दूरदर्शनवर हसतहसत तिची जाहिरात करू लागला. पहिल्या काळातला फोरमन रागीट, कोणाशी न बोलणारा. हा दुसरा फोरमन गमत्या, आपल्या खादाडपणावर स्वतःच विनोद करणारा. लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास बसला. पुढे या शेगड्या दहा कोटींहून अधिक खपल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. नाव वापरू देण्याचे ठरावीक पैसे घेऊन तो मोकळा झाला असता, तर एक बिल आले आणि संपले, असेच झाले असते. पण करारात त्याला नफ्यातला हिस्सा होता. प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे तो सुमारे ४० टक्के होता. शेगडी खपत गेली तसा पैसा दरमहा येत गेला. १९९९ साली कंपनीने रोख आणि समभाग मिळून १३ कोटी ७५ लाख डॉलर देऊन त्याच्या नावाचे हक्कच विकत घेतले. तेव्हाच्या दराने हे जवळपास ६०० कोटी रुपये झाले. आयुष्यभर ठोसे खाऊन जेवढे मिळाले, त्याहून अधिक त्या शेगडीने दिले.

मजुरी आणि हिस्सा यांतला हा फरक ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यामागे हीच दृष्टी होती. शेतकऱ्याने ऊस घालून हात झटकायचे नाहीत, साखरेतही त्याचा वाटा असावा. भागाचा दाखला ट्रंकेत पडून असतो, पण तो नुसता कागद नव्हे, हे सभासदाने विसरू नये. वार्षिक सभेला यावे, अहवाल वाचावा, ताळेबंदावर प्रश्न विचारावा. हिस्सा ज्याचा, लक्षही त्याचेच हवे.

घेण्यासारखे काय

फोरमन २१ मार्च २०२५ रोजी शहात्तराव्या वर्षी वारला. दौलत परत आल्यावरही त्याने ह्यूस्टनचे चर्च सोडले नाही. त्याच्या हकीकतीतून आम्हांला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात.

एक, एकदम आलेल्या पैशाचे बारा भाग पाडावेत आणि तेरावा दुष्काळासाठी ठेवावा. दुसरी, ज्या धंद्यातले आपल्याला कळत नाही, त्यात दुसऱ्याच्या शब्दावर पैसा घालू नये आणि सहीही देऊ नये. तिसरी, बुडालो तरी हातातली विद्या आणि पायाखालची जमीन सोडू नये. फोरमन उभा राहिला तो आपल्याच विद्येच्या जोरावर. जमीन विकून दुकान टाकणारा आणि दुकान बुडाल्यावर दुसऱ्याच्या रानात ऊसतोडीला जाणारा माणूस परत उभा राहणे फार अवघड असते.

यंदाचे बिल हाती येईल तेव्हा घरात सगळ्यांनी, घरधनिणीसह, एक संध्याकाळ बसून वर्षाचा हिशेब कागदावर मांडावा. बी-बियाणे, खत, पोरांची फी, दवाखाना आणि हातउसने सगळे त्यात यावे. पाव्हण्याला चहा जरूर पाजावा, पण दामदुप्पटीचे बोलणे त्या कागदावरचा हिशेब पुरा झाल्यावरच ऐकावे.