कानातले मोडण्याआधी

बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींना 'पॅरामेडिकल' या शब्दाची भुरळ पडली आहे. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या, तेव्हापासून तर जास्तच. 'सहा महिन्यांत इमर्जन्सी टेक्निशियन' अशी पाटी दिसते, आई कानातले मोडते आणि फी भरली जाते. बाबासाहेबांची लेकरे शिक्षणाला नाही म्हणत नाहीत, हे या दुकानदारांनाही ठाऊक आहे!

थोडा हिशेब करू. अशा पदविकेला दोन ते चार वर्षांत किमान २००० तास हवेत, असे २०२१ चा केंद्रीय कायदा सांगतो. शनिवार-रविवार दोन-दोन तास धरले, तर सहा महिन्यांत होतात जेमतेम शंभर. बाकीचे कुठे गेले?

काही ठिकाणी तर 'वर्गाला येऊ नका, प्रमाणपत्र घरी येईल' म्हणतात. आपल्याच पोरांना ती सवलत वाटते, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबावी लागते. पुतळ्यावर घाम गाळल्याशिवाय ते हाताला येत नाही. त्या गाडीत उद्या आपलीच म्हातारी असेल.

म्हणून परीक्षा कोण घेते ते विचारा आणि त्या विद्यापीठात किंवा मंडळात स्वतः जाऊन खात्री करा. कागद रविवारी विहारात जाणत्यांना दाखवा, लाज कसली? मागच्या वर्षी पास झालेल्या दोघांचे पत्तेही मागा. आम्ही एका ठिकाणी मागितले, तर साहेब चहा सांगायला उठले, ते परत आलेच नाहीत.