हरणांचें रानांतील खाद्य कसें ओळखावें?

मानवत तालुक्याच्या काळ्या जमिनींत दाट अरण्य नाहीं. हरणांचे कळप गायरानांत, पडीक माळांवर व ओढ्याकांठच्या बाभुळबनांत राहतात. त्यांचें खाद्य हेरणें ही पूर्वी शिकाऱ्याची विद्या होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार हा गुन्हा ठरला. तरी ही विद्या शेतकऱ्यानें अवश्य संपादावी. कारण रानांतील चारा केव्हां संपतो हें ज्यास कळतें, त्यास कळप पिकांत केव्हां उतरेल हेंही कळतें.

प्रथम जनावर ओळखावें. आपल्याकडे ज्यांस हरणें म्हणतात तीं बहुधा काळविटें होत. त्यांचा मुख्य आहार गवत. रोही गवताबरोबर झाडपाला, शेंगा व फळेंही खातो आणि उंच फांदीपर्यंत तोंड पोंचवितो.

आतां ऋतुमान पाहूं. मृगाच्या पावसानंतर माळ पुरता हिरवा होण्यापूर्वींच शेतांत सोयाबीन व मूग उगवून येतात; हा पहिला धोक्याचा काळ. पुढें हरळी, मारवेल, पवना हीं गवतें वाढलीं म्हणजे कळप माळावर चरतो. हिवाळ्यांत कुसळी वाळून राठ होते, आणि नेमका त्याच वेळीं हरभरा कोंवळा असतो. हा दुसरा धोक्याचा काळ. उन्हाळ्यांत बाभळीच्या व वेड्या बाभळीच्या गळालेल्या शेंगांवर जनावरें गुजराण करितात.

कोणीं काय खाल्लें याच्या खुणा स्पष्ट असतात. हरणास व रोह्यास वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. म्हणून खाल्लेल्या रोपाचें टोंक ओढून तोडल्यासारखें फाटकें दिसतें. सशानें कातरलेलें टोंक तिरपें व साफ असतें. रानडुक्कर माती उकरतें. काळविटाचें खूर लहान व टोंकदार उमटतें, रोह्याचें बरेंच मोठें. दोघेही वारंवार एकाच जागीं लेंड्या टाकतात. वाळलेली लेंडी फोडून पाहावी. तींत वेड्या बाभळीचें बीं निघालें तर जनावर शेंगांवर जगत आहे असें समजावें. हें झुडूप माळभर पसरण्याचें हेंही एक कारण होय.

कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० पासून काळविटांसाठीं अभयारण्य आहे. आपल्याकडे गायरान हाच त्यांचा आधार. तें नांगरलें किंवा एकदम चारून टाकलें, तर शेजारचें शेत हेंच कुरण ठरतें. यास्तव गांवानें गायरानाचे भाग पाडून आळीपाळीनें चराई करावी. एवढ्यानें उपद्रव समूळ जाईल असें आम्ही म्हणत नाहीं. वर सांगितलेल्या दोन काळांत गायरानाकडील बांधावर राखण ठेवावीच. कुंपणांत वीज मात्र कदापि सोडूं नये. तिनें जनावराप्रमाणें माणूसही मरतो. नुकसान झालेंच तर खुणा मोडण्यापूर्वीं वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी भरपाई मिळते. परंतु जनावर कोणतें होतें हें दाखवितां आलें पाहिजे. तें दाखविणें रान वाचणाऱ्यासच साधतें.