अंगठा आणि अक्षर

गेल्या वर्षीं पालकसभेच्या दिवशीं एक बाई माझ्या टेबलापाशीं आल्या. त्यांचा मुलगा सातवीच्या वर्गांत आहे. प्रगतिपत्रकावर सही करण्यासाठीं मीं लेखणी पुढें केली, तेव्हां त्यांनीं ओशाळून विचारलें, "स्टँपपॅड असेल का, सर?" मुलानें मान खालीं घातली. मीं स्टँपपॅड आणविला, अंगठा उठला, काम झालें. जातां जातां बाईंनीं पिशवींतून मोबाइल फोन काढला व "बँकेचं कांहीं आलंय, बघ रे" म्हणून मुलाच्या हातीं दिला. त्यानें दोन-तीन ठिकाणीं बोट दाबलें व फोन परत केला. काय आलें होतें आणि त्यानें काय दाबलें, हें बाईंस ठाऊक नव्हतें. पैसे मात्र त्यांचे होते.

"अंगठाबहाद्दर" हा शब्द आपल्या बोलण्यांत फार सहज येतो. ज्यास सही करतां येत नाहीं त्याच्या बुद्धीविषयींही आपण मनांत कांहीं ठरवून टाकतों. त्या दिवसापासून मला सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथील एका बँकेची हकीकत वारंवार आठवते. ती विद्यार्थ्यांस, आणि त्यांहून अधिक त्यांच्या आईबापांस, सांगावी म्हणून हा लेख.

म्हसवड हें माण तालुक्यांतील गांव. पाऊस थोडा, आणि जो येतो त्याचाही भरंवसा नाहीं. नांदेड-लातुराकडील वाचकांस अशा मुलखाचें वर्णन करून सांगावयास नको. मुंबईस अर्थशास्त्र शिकलेल्या व जयप्रकाश नारायण यांच्या चळवळींत काम केलेल्या चेतना गाला या विजय सिन्हा यांच्याशीं विवाह झाल्यावर येथें राहावयास आल्या. एके दिवशीं लोहारकाम करणारी, रस्त्याच्या कडेला संसार मांडलेली एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वीं डोक्यावर घालण्यापुरता प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, व त्यासाठीं रोज थोडे पैसे बाजूस ठेवावे, एवढाच तिचा बेत होता. परंतु इतक्या लहान रकमेसाठीं तिचें खातें उघडण्यास बँक तयार नव्हती. बाईनें कर्ज मागितलें नव्हतें कीं देणगी मागितली नव्हती. स्वतःच्या घामाचे पैसे ठेवण्यास जागा मागितली होती. चेतनाबाईंनीं ठरविलें कीं, अशा स्त्रियांची स्वतःची बँकच काढावयाची.

अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि नामंजूर झाला. कारण असें कीं, बँक काढूं पाहणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळजणी निरक्षर होत्या. चेतनाबाई निराश होऊन गांवीं परतल्या, तेव्हां त्या स्त्रियांनींच त्यांस धीर दिला. लिहावयास येत नाहीं हीच अडचण ना, मग आम्ही शिकतों, असें त्या म्हणाल्या. आणि दिवसभर राबून आल्यावर रोज अक्षरें गिरवूं लागल्या. पांच महिन्यांनीं दुसरा अर्ज घेऊन पंधराजणी चेतनाबाईंबरोबर गेल्या. त्यांनीं अधिकाऱ्यांस जें सांगितलें त्याचा आशय असा: आमच्या लहानपणीं शाळाच नव्हत्या, हा आमचा दोष नव्हे. पण हिशेब आम्हांस येतो. कोणतीही रक्कम सांगा, तिचें व्याज आम्ही तोंडी काढून दाखवितों. तुमच्या साहेबांनाही यंत्रावांचून तें करावयास सांगा, आणि कोण अगोदर सांगतो तें पाहा. परवाना मिळाला, व १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. गणित शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसानें हा प्रसंग वर्गांत वर्षांतून एकदां तरी सांगावा, असें मला वाटतें. पाढे कशास पाठ करावयाचे, या प्रश्नाचें याहून चांगलें उत्तर माझ्यापाशीं नाहीं.

पुढें शेळ्या राखणारी एक बाई फोनसाठीं कर्ज मागण्यास आली. कळपामागें ती महिनोन्‌महिने घराबाहेर असे. मुलांशीं बोलण्याचें दुसरें साधन नव्हतें. कर्जाबरोबरच तिनें आणखी एक गोष्ट मागितली, ती म्हणजे हा फोन चालवावा कसा तें मला शिकवा. चेतनाबाई सांगतात कीं, अशा मागण्यांतूनच स्त्रियांसाठीं उद्योगाची शाळा काढण्याची कल्पना निघाली. २००६ च्या सुमारास ती शाळा सुरू झाली, आणि ज्या बायकांस रोजगार बुडवून शाळेंत येतां येईना, त्यांच्या गांवीं शाळाच मोटारबसमध्यें बसून जाऊं लागली. अभ्यासक्रम अगोदर छापून मग विद्यार्थी शोधण्याची आपली रीत. येथें प्रश्न अगोदर आला आणि धडा मागाहून. २०१८ च्या जानेवारींत स्वित्झर्लंडमधील दावोस येथें भरलेल्या जागतिक अर्थपरिषदेच्या सर्व सहअध्यक्ष स्त्रियाच होत्या. त्यांत म्हसवडच्या चेतनाबाईही होत्या.

आतां पुन्हां अंगठ्याकडे येऊं. आफ्रिका खंडांतील केनिया देशांत २००७ सालीं साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची "एम-पेसा" नांवाची सोय सुरू झाली. तेथील स्वाहिली भाषेंत पैशाला "पेसा" म्हणतात. आपल्या व्यापाऱ्यांबरोबर हा शब्द समुद्र ओलांडून गेला असावा. पाठविणारानें चार आंकड्यांचा गुप्त क्रमांक, म्हणजे पिन, दाबला कीं पैसे जातात. आपल्याकडेही यंत्रांतून पैसे काढण्यास असाच पिन लागतो. माणदेशी बँकेनें यंत्राची सोय करावयास घेतली, तेव्हां तेथील बायकांनीं मात्र पिन साफ नाकारला. लक्षांत ठेवण्यास मदत करूं, असें बँकेनें परोपरीनें सांगून पाहिलें. त्यांचें म्हणणें एकच: आंकडा दुसऱ्यास कळला कीं पैसे गेले, आमचा अंगठा घ्या, तो कोण चोरणार? बँकेला हें पटलें, व अंगठ्यावर चालणारी सोय करण्यांत आली. ज्या अंगठ्यामुळें एकदां परवाना नाकारला गेला, तोच आतां तिजोरीची किल्ली झाला.

यंत्र अंगठा ओळखतें कसें, हें मुलांनीं समजून घेण्याजोगें आहे. आपलें बोट उजेडांत तिरपें धरून पाहा. बारीक उंचवट्यांच्या रेघा दिसतील. एखादी रेघ मध्येंच संपते, एखादीस फांटा फुटतो. अशा जागांचा परस्परांपासूनचा मेळ यंत्र आंकड्यांच्या रूपानें टिपून ठेवतें, व पुढच्या खेपेस नव्या ठशाशीं ताडून पाहतें. या विद्येचा आपल्या देशाशीं जुना संबंध आहे. बंगालमध्यें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें १८५८ सालीं एका करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढें १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें कार्यालय निघालें. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत हेन्री साहेबांच्या नांवानें ओळखली जाते, पण ती बसविण्यांत अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वांटा होता. आणि पहिला आधार क्रमांक २०१० सालीं दिला गेला तो आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं.

तथापि बायकांचें तें उत्तर जितकें मार्मिक, तितकें तें पुरेसें नाहीं. ऊंस तोडणाऱ्या, विटा थापणाऱ्या, भांडीं घासणाऱ्या हातांच्या रेघा झिजतात. म्हातारपणीं त्या पुसट होतात. धान्याच्या दुकानांत यंत्रावर अंगठा उमटेना म्हणून पुनःपुन्हां बोट पुसणारीं म्हातारीं माणसें मुलांनीं पाहिलीं असतील. राबण्याची खूण तीच ओळख पटण्यास आड यावी, हें मला नेहमीं खटकतें. दुसरें असें कीं, अंगठाही चोरीस जाऊं शकतो. खरेदीखतांवरील ठशांवरून रबरासारख्या पदार्थाचें खोटें बोट बनवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार आपल्या देशांत घडले आहेत. गुप्त क्रमांक फुटला तर बदलतां येतो, अंगठा बदलतां येत नाहीं. म्हणून आधारवरील ठशांस कुलूप लावण्याची सोय सरकारनें ठेविली आहे. लागेल तेव्हां तें उघडावें, एरवीं बंद ठेवावें. ज्या घरांत शिकलेलें मूल आहे, त्या घरांत हें काम त्यानें आईबापांस जवळ बसवून, त्यांच्याच हातून करवावें. पिनच्या बाबतींतही एवढें सांगून ठेवावें कीं, फोनवरून पैसे देतांना पिन लागतो, घेतांना लागत नाहीं. "तुम्हांस पैसे मिळणार आहेत, पिन दाबा," असें जो सांगतो तो लुबाडणारा समजावा.

कोणी विचारतील, अंगठ्यानें काम भागतें तर अक्षरांचा खटाटोप कशास? म्हसवडच्या बायकांनीं अगोदर अक्षरें गिरविलीं व मग अंगठा मागितला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अंगठ्यानें दार उघडतें, पण आंत किती शिल्लक आहे तें वाचावें लागतें.

हें सर्व दूर साताऱ्याकडचें, असें कोणास वाटेल. परंतु आमच्या लातूर जिल्ह्यांतही असें घडलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशीं, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला व हजारों माणसें घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. पुढें घरांच्या दुरुस्तीचें सरकारी काम निघालें, तेव्हां प्रेमा गोपालन यांच्या "स्वयं शिक्षण प्रयोग" या संस्थेनें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गांवोगांवच्या बायका "संवाद सहायक" म्हणून उभ्या केल्या. भिंत पक्की कशी करावी, अनुदान कसें मिळतें, हें त्या शेजारणीस समजावून सांगत. २००१ सालीं गुजराथेंत भूकंप झाला, तेव्हां या भागांतील बायका तेथील बायकांस आपला अनुभव सांगण्यास गेल्या. गोपालनबाई २०२२ सालीं वारल्या. त्यांनीं तयार केलेल्या बायका आजही उद्योग करीत आहेत व दुसऱ्यांस शिकवीत आहेत.

दुसऱ्या सत्राच्या पालकसभेस त्या बाई पुन्हां आल्या. प्रगतिपत्रकावर त्यांनीं अंगठाच उठविला. तेवढ्यांत फोन वाजला. मुलानें संवयीनें हात पुढें केला. पण बाईंनीं फोन दिला नाहीं. त्यांनीं तो स्वतः उघडला, अर्थात् अंगठ्यानेंच, आणि पदराआड धरून ओठ हलवीत आंकडा वाचला. मग फोन पिशवींत टाकला, व काय आलें होतें तें कोणासही न सांगतां मुलास म्हणाल्या, "चल, गाडी चुकेल."