कोरड्या दाण्याचे दूध : बीडच्या परसातला होला

बीड जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो, आणि त्यामुळे तेथील अनेक पक्ष्यांच्या विणीचे वेळापत्रकही पावसाच्या चार महिन्यांना बांधलेले असते. मृगाच्या सरी पडल्या की अळ्या, नाकतोडे आणि इतर कीटक यांची रेलचेल होते, आणि पिल्लांसाठी हा मऊ, प्रथिनयुक्त आहार हाताशी असल्याखेरीज पुष्कळसे पक्षी घरट्याच्या खटाटोपात पडत नाहीत. स्वतः दाण्यांवर जगणारी सुगरणसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवते. परसात वावरणारा होला मात्र ही शिस्त मानत नाही. ज्वारीच्या काढणीत, भर वैशाखात किंवा श्रावणाच्या झडीतही त्याचे दोन अंड्यांचे घरटे कुठेतरी चालू असते. ज्या मुलखात उन्हाळ्यात हिरव्या पानाची वानवा असते तेथे त्याला हे कसे जमते, हा त्याच्या जीवनक्रमातला सर्वांत विचार करण्याजोगा प्रश्न असून त्याचे उत्तर त्याच्या गळ्यापाशी असलेल्या एका पिशवीत सापडते.

होला हा पारव्याच्याच कुळातला, म्हणजे कपोतकुलातला पक्षी होय. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हाही याच कुळातला. ग्रामीण बोलीत होल्याला व्हला आणि काही भागांत कवडा म्हणतात, परंतु या नावाखाली प्रत्यक्षात निरनिराळ्या जाती वावरत असतात. घराच्या सर्वांत निकट येतो तो छोटा तपकिरी होला. त्याची लांबी सुमारे २५ ते २७ सेंटिमीटर असते, डोक्यावर व मानेवर गुलाबी झाक असते, गळ्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस व काळ्या रंगांची चौकटीदार नक्षी असते आणि मिटलेल्या पंखाच्या कडेला निळसर राखी पट्टा दिसतो. कंठवाला होला त्याहून मोठा, सुमारे ३२ सेंटिमीटरचा, फिकट राखी रंगाचा, मानेमागे काळी अर्धी कडी असलेला. तो बाभळीवर, विजेच्या तारांवर आणि कापणी झालेल्या रानात अधिक दिसतो. तांबडा होला आकाराने लहान, आणि नर विटकरी तर मादी मळकट तपकिरी असल्याने नर-मादी नजरेने ओळखता येणारी या गटातली हीच एक जात. मानेवर पांढऱ्या ठिपक्यांचा काळा पट्टा मिरवणाऱ्या ठिपकेवाल्या होल्याला थोडी दाट झाडी आणि ओलावा मानवतो, म्हणून तो उघड्या माळापेक्षा बागाईत आणि नदीकाठी शोधावा. पुढील विवेचन मुख्यतः छोट्या तपकिरी होल्याला धरून आहे, कारण परसातून निरीक्षण करायचे तर तोच सर्वांत सोयीचा.

विणीची पहिली चाहूल आवाजातून लागते. कंठवाल्या होल्याची साद तीन अक्षरी आणि ठसठशीत असते, तर छोट्या होल्याची पाच-सहा हलक्या अक्षरांची, दबक्या हसण्यासारखी. साद घालण्याच्या मधल्या वेळात नर अचानक फांदीवरून उसळून पंखांचा फटफट आवाज करीत जवळजवळ सरळ वर चढतो आणि मग पंख व शेपटी पसरून गोलाईने तरंगत खाली येतो. हद्द सांगणे आणि मादीचे लक्ष वेधणे ही दोन्ही कामे त्यातून होतात. जमिनीवर तो मादीच्या मागे मागे चालत पुन्हा पुन्हा मान लववतो. मादीला तो पसंत असेल तर दोघे एकमेकांच्या मानेची पिसे चोचीने विंचरू लागतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत घरट्याच्या जागेची पाहणी सुरू होते.

हा प्रणयविधी केवळ शोभेचा नाही, हे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ डॅनियल लेहरमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. कंठवाल्या होल्याच्या जवळच्या नात्यातील, पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या जातीवर त्यांनी प्रयोग केले. नर काचेपलीकडे ठेवून मादीला नुसता त्याचा प्रणयविधी पाहू दिला, तरी तिच्या शरीरातील संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश वाहणारी द्रव्ये, बदलू लागत आणि अंडाशयाची वाढ सुरू होई. नर खच्ची केलेला असून तो प्रणयविधी करीत नसेल तर हा परिणाम क्वचितच दिसे. संप्रेरकांमुळे वर्तन घडते एवढेच तोवर सामान्यतः मानले जात होते. जोडीदाराच्या वर्तनामुळेही संप्रेरके बदलतात ही उलटी वाट लेहरमन यांच्या कामाने स्पष्ट झाली. त्याच विद्यापीठातील मे-फांग चेंग यांनी १९९२ साली आणखी एक पाऊल पुढे टाकून असे मांडले की मादी घरट्याच्या जागी जी घुमणारी साद घालते ती ऐकून तिच्या स्वतःच्याच अंडाशयाला चालना मिळते. अंगणातल्या कडुलिंबावरून दुपारभर येणारे कंटाळवाणे घुमणे हे अशा रीतीने अंडे तयार होण्याच्या क्रियेचाच एक भाग ठरते.

घरट्याच्या बाबतीत मात्र होल्याचे कौतुक कोणी केलेले नाही. मराठी कवितेने सुगरणीचा खोपा अजरामर केला; होल्याच्या काटक्यांकडे पाहून तशी ओळ सुचणे अवघडच. नर एकेक काटकी, गवताची काडी किंवा बारीक मुळी आणून देतो आणि मादी बसल्या जागी ती अंगाखाली व भोवती खोचते; सारा डोलारा इतका विरळ की पुष्कळदा खालून पाहिल्यास अंडी दिसतात. काटेरी झुडूप, लिंबाची किंवा शेवग्याची फांदी, माळवदाखालचे वासे, बंद कूलरचा माथा, खिडकीचा छज्जा, कुंडी, विजेच्या मीटरची पेटी यांपैकी काहीही त्याला चालते. ऊसतोडीसाठी गेलेल्या कुटुंबांची घरे दिवाळीनंतर काही महिने कुलूपबंद असतात, आणि अशा ओसरीत त्याला निवांत जागा मिळू शकते. हा गबाळेपणा वाटतो, पण त्यात हिशेब आहे: ज्या घरट्यात फार थोडे श्रम गुंतले आहेत ते कावळ्याने किंवा वाऱ्याने मोडले तर सोडून देऊन दुसरीकडे लगेच नवे सुरू करता येते, आणि मोडले नाही तर त्याच काटक्यांवर पुढची अंडीही घालता येतात.

अंडी बहुधा दोनच, पांढरी शुभ्र आणि साधारण एका दिवसाच्या अंतराने घातलेली असतात. दुसरे अंडे आल्यावर खरी उबवण सुरू होते आणि सुमारे १३ ते १५ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. उबवणीच्या पाळ्या ठरलेल्या असतात: दिवसाचा मधला भाग मुख्यतः नराचा, तर उतरत्या दुपारपासून रात्रभर आणि सकाळपर्यंतचा मादीचा. नर-मादी सारखेच दिसत असल्याने एकच पक्षी दोन आठवडे उपाशीपोटी बसून आहे असा समज सहज होतो. सकाळी आणि दुपारी उशिरा थोडा वेळ लक्ष ठेवले तर पाळी बदलताना दोघे घरट्यावर एकत्र दिसतात. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्यावरच्या घरट्यात अंडी केवळ ऊब देण्यासाठी नव्हे तर उन्हापासून झाकण्यासाठीही अंगाखाली धरावी लागतात, म्हणून त्या दिवसांत पक्ष्याला हुसकावणे अधिक घातक.

पाळ्यांची ही बैठक सुरू असतानाच दोघांच्याही गळ्यात बदल होत असतो. पक्ष्यांच्या अन्ननलिकेचा पिशवीसारखा फुगीर भाग म्हणजे अन्नपुट. एरवी त्यात वेचलेले दाणे साठवले जातात आणि मऊ होतात. उबवणीच्या उत्तरार्धात अन्नपुटाच्या आतल्या अस्तराची जाडी वाढते, त्याच्या पेशींमध्ये स्निग्ध द्रव्य व प्रथिने भरतात आणि पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास या पेशी गळून त्यांचा फिकट, पनीरासारखा लगदा तयार होतो. याला कपोतदुग्ध म्हणतात. त्यात प्रथिने व मेद भरपूर असतात, सस्तन प्राण्यांच्या दुधातली शर्करा नसते, पण रोगप्रतिकारक द्रव्ये असतात, आणि विशेष म्हणजे ते नरही तयार करतो. अमेरिकी शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी यांनी १९३३ च्या सुमारास ज्या संप्रेरकाला प्रोलॅक्टिन हे नाव दिले ते मातेच्या स्तनातील दुधाला आणि कपोतकुलाच्या या दुधाला, दोहोंनाही कारण होते; प्रोलॅक्टिन मोजण्याची चाचणी पुढे कित्येक वर्षे कबुतराच्या अन्नपुटाच्या वाढीवरच चालत असे. पक्षिजगतात याशी तुलना करता येण्यासारखा स्राव रोहित आणि एम्परर पेंग्विन अशा अगदी थोड्यांकडे आहे, आणि त्यांपैकी रोहित हिवाळ्यात शेजारच्या जायकवाडीच्या पाण्यावर दिसतो.

सुरुवातीच्या प्रश्नाचा उलगडा येथे होतो. ज्या पक्ष्याच्या पिल्लाला किडा हवा त्याची वीण किड्यांच्या हंगामाला बांधलेली. होला मात्र बाजरी, ज्वारी, गवताचे व तणांचे बी असे जे काही कोरडे पोटात जाईल त्यातूनच पिल्लाचा पहिला आहार तयार करतो, आणि सांडलेला दाणा शेतीच्या मुलखात वर्षभर कुठे ना कुठे असतोच. पिल्लांची संख्या दोनवरच थांबण्याचे कारणही बहुधा हेच, की दोन गळ्यांतून तयार होणारे दूध याहून अधिक तोंडांना पुरत नाही. ही उणीव तो वारंवार विणून भरून काढतो. तुर्कस्तानात एकाच जोडीने लागोपाठ सात विणी केल्याची नोंद आहे. कंठवाला होला विसाव्या शतकात बाल्कन प्रदेशातून युरोपभर पसरत गेला आणि १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच प्रजनन करताना आढळला, त्यामागेही लांबलेला विणीचा हंगाम आणि माणसाच्या शेतापरसाचा आधार होता.

पिल्ले जन्मतः आंधळी, दुबळी आणि विरळ पिवळसर केसाळ पिसांची असतात. ती चोच मोठ्याच्या तोंडात खुपसतात आणि मोठा पक्षी मानेला झटके देत अन्न वर आणतो. पहिले काही दिवस निव्वळ दूध, मग त्यात भिजलेल्या दाण्यांचे वाढते प्रमाण, आणि शेवटी जवळजवळ सगळा दाणाच, असा हा क्रम असतो. साधारण दोन आठवड्यांत ती घरटे सोडतात. तोपर्यंत घरट्याची कड विष्ठेने लिंपून घट्ट झालेली असते, आणि पुढच्या विणीला हीच कड कामी येते. नुकत्याच उडालेल्या पिल्लाच्या गळ्यावर चौकटीदार नक्षी नसते, ते निस्तेज दिसते, आणि काही दिवस ते जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर बसून आईबापांकडून भरवून घेते. अशा पिल्लाला बेवारस समजून घरात आणण्याची चूक फार सर्रास होते. मांजरापासून आडोसा होईल अशा जवळच्याच फांदीवर ते ठेवून बाजूला होणे पुरेसे असते. पिल्ले बाळगणे किंवा अंडी काढणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा प्रश्नही आहेच.

अर्थात सगळीच घरटी यशस्वी होत नाहीत. कावळा, भारद्वाज, टकाचोर, धामण आणि मांजर अंड्यांवर व पिल्लांवर टपलेले असतात; मोठ्या होल्याला शिक्र्याची भीती असते. संकट घरट्याशी आले तर होला कधी कधी पंख मोडल्याचे सोंग घेऊन जमिनीवर फडफडत शत्रूला दूर नेतो. पकडले गेल्यास त्याची पिसे सहज निखळतात आणि शत्रूच्या तोंडी पिसेच राहतात. विषारी औषध चोळलेले बियाणे पेरणीच्या वेळी बांधावर सांडलेले राहणे ही मात्र अशी आपत्ती आहे की जिच्यावर त्याच्याकडे काहीच उपाय नाही. सांडलेले दाणे मातीआड करणे हे शेतकऱ्याच्याच हाती आहे.

कोरड्या दाण्यावर जगण्याची दुसरी बाजू म्हणजे पाणी. किडे किंवा फळे खाणाऱ्या पक्ष्यांना अन्नातूनच बराच ओलावा मिळतो. होल्याला तो मिळत नसल्याने पाणवठा रोजच गाठावा लागतो, आणि पिल्ले असतील तर अधिकच. बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात, पण होला चोच बुडवून ती न उचलता पाणी शोषून घेतो, त्यामुळे उघड्यावर त्याचा थोडकाच वेळ जातो. जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडच्या माळावर उन्हाळ्यात ओढे आटले की विहिरीजवळचे डबके, जनावरांचा हौद आणि टँकरच्या नळाखालची ओल हेच त्याचे पाणवठे उरतात. परसात उथळ भांडे ठेवणे म्हणूनच उपयोगाचे. मात्र ते रोज घासून भरले पाहिजे, कारण शिळ्या पाण्यातून एका सूक्ष्म परजीवीमुळे होणारा घशाचा रोग या कुळात पसरतो आणि त्याने अन्न गिळणेच अशक्य होते.

निरीक्षणासाठी दुर्बीण असली तर बरी, नसली तरी अडत नाही. घरट्यापासून काही अंतरावरची एकच ठरलेली जागा आणि एक वही पुरे. पक्षी बसलेला असताना फांदी वाकवून आत डोकावू नये. जागा, पहिल्या काटकीचा दिवस, अंडी दिसल्याचा दिवस, पाळी बदलण्याची वेळ, पिल्ले उडाल्याचा किंवा घरटे रिकामे आढळल्याचा दिवस, त्या आठवड्यातला पाऊस आणि शेजारच्या शेतातले पीक एवढे लिहीत गेले की कामाची नोंद होते. दर फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या परसातील पक्षीगणनेत भारतातील पक्षीनिरीक्षक २०१३ पासून भाग घेत आहेत आणि बीडमधला होलाही तेथे मोजता येतो, पण ती चार दिवसांची मोजणी असते. वर्षाच्या बाराही महिन्यांची वही दोन-तीन वर्षे चालली तर रब्बीच्या सुगीनंतरच्या विणी अधिक तडीस जातात की पावसाळ्यातल्या, आणि पाण्याचे भांडे असलेल्या परसात मे महिन्यातले घरटे टिकते की नाही, हे त्या एका कडुलिंबापुरते तरी आकड्यांत सांगता येईल.