दानाची बोली : धर्मादाय चित्रलिलावात भाग घेताना

आमचा व्यवसाय ठोक धान्याचा. इंदूरच्या छावणीतील धान्य मंडईत गहू, हरभरा आणि सोयाबीन यांच्या बोली ऐकण्यात आमचे आयुष्य गेले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, चित्रकलेत गती नाही. त्यामुळे धर्मादाय कार्यासाठी होणाऱ्या चित्रांच्या लिलावावर काही लिहावे, अशी सूचना स्मरणिकेच्या संपादकांनी केली, तेव्हा आम्हांस संकोच वाटला. परंतु रुग्णालये, शाळा व सेवासंस्था यांच्याकडून अशा लिलावांची निमंत्रणे आता आपल्या दुकानांवरही येऊ लागली आहेत. आपले बंधू तेथे जातात, हात वर करतात, आणि घरी परतल्यावर आपण खरेदी केली की दान केले, याचा उलगडा त्यांना होत नाही. आमचाही असाच एक अनुभव आहे व तो फारसा भूषणावह नाही. तो सांगितल्याने दुसऱ्या कोणाची चूक टळावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

लिलाव ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पूर्वी अनेक मंडयांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. माल ज्याचा, त्या शेतकऱ्याला कोणी किती देऊ केले हे कळतही नसे. पुढे बाजार नियमनाचे कायदे झाले आणि उघड बोली आली. आज ढिगाभोवती सर्व खरेदीदार उभे राहतात, क्विंटलमागे भाव पुकारला जातो आणि शेवटच्या बोलीवर सौदा ठरतो. येथे बोली बोलणारा केवळ मालाची किंमत पाहतो, आणि त्यात काही गैर नाही.

आपल्याला परिचित असलेली दुसरी बोली मंदिरातील. दिगंबर बंधूंकडे पहिल्या अभिषेकाची, शांतिधारेची, पंचकल्याणक महोत्सवात इंद्र होण्याची बोली होते. श्वेतांबर मूर्तिपूजकांकडे पर्युषणात, भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी, त्रिशलामातेची चौदा स्वप्ने उतरविली जातात आणि प्रत्येक स्वप्नाची उछामणी बोलली जाते. पूर्वी ही बोली रुपयांत नव्हे, तर तुपाच्या मणांत होई. एका मणाचे रुपये किती, हे त्या त्या संघाने ठरविलेले असे. बाजारातील तुपाच्या भावाशी त्याचा संबंध नसे. या बोलीत माल काहीच मिळत नाही. मिळतो तो सेवेचा अधिकार. देवासाठी बोललेली रक्कम देवद्रव्य होते, ती अन्य कामी वापरता येत नाही, आणि ती विनाविलंब भरणे हे श्रावकाचे कर्तव्य मानले जाते.

या बाबतीत आमच्या घरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७२ च्या पर्युषणात आमच्या तीर्थरूपांनी लक्ष्मीच्या स्वप्नाची बोली घेतली. समोर एक कापडाचे व्यापारी होते. दोघांत चुरस लागली आणि आकडा ऐपतीच्या पुढे गेला. निम्मी रक्कम त्यांनी लगेच भरली. उरलेली रब्बीचा गहू आल्यावर भरण्यास संघाने मुभा दिली. परंतु एप्रिल १९७३ मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. हे धोरण पुढील वर्षी मागे घेण्यात आले, पण त्या हंगामात आमच्यासारख्यांच्या गाद्या ओस पडल्या. तीर्थरूपांनी संघाकडे आणखी मुदत मागितली नाही. आठ दिवसांच्या आत आमच्या मातोश्रींच्या पाटल्या सराफ्यात गेल्या आणि संघाची पावती घरी आली. त्या रात्री ते आम्हांस म्हणाले, “पहिल्या सहा बोली मी भक्तीने बोललो आणि पुढच्या तीन ईर्ष्येने. देवाला पोहोचल्या त्या सहाच. पैसे मात्र नवांचे देणे लागतो.” आमचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते. अर्थ पुढे कळला. आणि पुढे आम्ही तो विसरलोही, ते यथास्थळी येईलच.

धर्मादाय चित्रलिलाव हा या दोन बोलींच्या मधला प्रकार आहे. येथे मंडईप्रमाणे वस्तू मिळते आणि मंदिराप्रमाणे पैसा सत्कार्यास जातो. याचे एक मोठे उदाहरण आपल्या शहराशी नाते सांगणारे आहे. इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या कलाशाळेने नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार घडविले. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन हेही तेथेच शिकले. हुसेन यांनी १९५४ मध्ये ‘ग्रामयात्रा’ हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र काढले. खेड्यातील जीवनाची तेरा दृश्ये त्यात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीस आलेले डॉ. लिऑन एलियास व्होलोदार्स्की यांनी ते विकत घेतले आणि १९६४ मध्ये ते नॉर्वेतील ऑस्लो येथील रुग्णालयास मिळाले. तेथे ते कित्येक दशके भिंतीवर राहिले. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला आणि त्यास सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर, म्हणजे आपले जवळजवळ ११८ कोटी रुपये आले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात त्या दिवसापर्यंत एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती. हे उत्पन्न डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाईल, असे जाहीर करण्यात आले. एका डॉक्टराने आवडीने घेतलेले चित्र सत्तर वर्षांनी नव्या डॉक्टरांच्या शिक्षणास उपयोगी पडावे, ही गोष्ट आम्हां व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या गावातील लिलाव एवढे मोठे नसतात. परंतु रीत सर्वत्र तीच. ती आता क्रमाने सांगतो.

बोलीपूर्वी

लिलावापूर्वी चित्रांची सूची प्रसिद्ध होते. तीत चित्रकाराचे नाव, चित्राचे माप, ते तैलरंगात आहे की जलरंगात, कोणत्या वर्षाचे आहे आणि त्याची अंदाजी किंमत, ही माहिती असते. अंदाजी किंमत म्हणजे भाव नव्हे. ती केवळ दिशा दाखविते. काही चित्रांना राखीव किंमत असते व तिच्याखाली ती विकली जात नाहीत. चित्रे आधी मांडून ठेवलेली असतात. ती प्रत्यक्ष पाहावीत. पोत्यात परखी घातल्यावाचून आपण गहू घेत नाही, मग सूचीतील छापील फोटोवर चित्र का घ्यावे? सही आहे काय, कागदावर डाग अथवा बुरशी आहे काय, चित्र मूळचे आहे की छापील प्रत, हे निःसंकोचपणे विचारावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न पैशाचा. हातोडा पडेल त्या रकमेतील किती रुपये कार्यास जाणार? सभागृहाचे भाडे, भोजन, सूचीची छपाई यांचा खर्च कोणी सोसला? काही ठिकाणी बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क व कर वेगळे द्यावे लागतात, तेही आधीच समजून घ्यावे. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

चित्रकाराचाही विचार करावा. अशा लिलावांत चित्रकार पुष्कळदा आपले चित्र विनामूल्य देतो. म्हणजे आपण बोली बोलण्याआधीच पहिले दान त्याने केलेले असते. “धर्मादाय आहे, स्वस्तात मिळेल” या हिशेबाने जे तेथे जातात, ते त्याचे दुहेरी नुकसान करतात. मंडईत एका ढिगाला पडलेला भाव दिवसभर बाजारात फिरतो, त्याचप्रमाणे जाहीर लिलावात चित्राला मिळालेली किंमत त्या चित्रकाराच्या नावाला चिकटते.

शेवटी घरच्या मंडळींशी बोलून दोन आकडे कागदावर लिहावेत. पहिला, हे चित्र दुकानात मिळाले असते तर आपण किती दिले असते, हा. दुसरा, या कार्यास चित्राविनाही आपण किती दिले असते, हा. दोहोंची बेरीज ही आपली मर्यादा होय.

सभागृहात

दारात नाव नोंदवून क्रमांकाची पाटी मिळते. लिलाव पुकारणारा प्रारंभीची रक्कम सांगतो व ठरावीक टप्प्यांनी ती वाढवितो. पाटी वर केली की बोली आपली. यासंबंधीचा कायदा आपल्या ओळखीचाच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार हातोडा पडल्यावर, अथवा रूढ असलेल्या अन्य रीतीने घोषणा झाल्यावर, विक्री पूर्ण होते; तोपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्याने तसा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याला स्वतः वा आपल्या माणसाकरवी बोली बोलता येत नाही. खोट्या बोलीने किंमत चढविली असल्यास खरेदीदारास तो व्यवहार रद्द करता येतो.

कायदा खोट्या बोलीपासून आपले रक्षण करतो. आपल्याच ईर्ष्येपासून ते कोणता कायदा करणार? काही वर्षांपूर्वी गरीब रुग्णांच्या डायलिसिसकरिता झालेल्या एका लिलावास आम्ही गेलो होतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे पावसातले एक जलरंगचित्र मनात भरले. खिशातल्या कागदावर चाळीस हजार लिहिले होते. पंचेचाळीस हजारांवर मागे वळून पाहिले, तो आमच्याच बाजारातील एक गृहस्थ पाटी वर करून हसत होते. त्यानंतर आम्ही चित्राकडे पाहिलेच नाही. हातोडा एकाहत्तर हजारांवर पडला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

बोलीनंतर

खरी कसोटी येथून पुढे. त्या सुमारास सोयाबीनचे आमचे येणे अडकले होते. संस्थेचा कार्यकर्ता तीन वेळा दुकानावर आला. तिन्ही वेळा आम्ही त्याला चहा पाजला आणि पुढचा वायदा दिला. पाच आठवडे असे गेले. तिसऱ्या खेपेस तो भीतभीत बोलला. सभेत जाहीर झालेल्या आकड्याच्या भरवशावर संस्थेने रुग्णांना मदत मंजूर केली होती, आणि निधी कमी पडल्याने एका रुग्णाच्या घरच्यांनी व्याजाने पैसे काढून उपचार चालू ठेवले होते. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा करावे लागते; ते आमच्या सोयाबीनसाठी थांबणारे नव्हते. थोडक्यात, पाच आठवड्यांचे आमचे व्याज वाचले आणि ते त्या घराने भरले.

ही हकीकत घरी सांगितली. आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “सासूबाईंच्या पाटल्या किती दिवसांत मोडल्या होत्या?” यावर देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्कम भरली. बाजारातील दराने पाच आठवड्यांचे व्याज त्यात मिळविले आणि त्या घराने काढलेल्या कर्जाचीही व्यवस्था केली. देवद्रव्याची थकबाकी राहिली की आपण घाबरतो. आजारी माणसाच्या नावाने बोललेला पैसा त्याहून कमी कसा मानावा, हे आम्हांस कळत नाही.

हिशेबाच्या काही गोष्टी सांगणे अवश्य आहे. चित्र घेऊन दिलेली सगळी रक्कम वहीत दान म्हणून लिहू नये. चित्राच्या रास्त किमतीपर्यंत ती खरेदी आहे, तिच्यावरचा भाग हेच खरे दान. आयकरातील सवलत मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या दानालाच मिळते. २,००० रुपयांहून अधिक रोख दानास ती मिळत नाही, आणि ज्या व्यक्तीने नवी करपद्धती स्वीकारली आहे तिलाही मिळत नाही. म्हणून आपल्या कर सल्लागारास पावती दाखवून घ्यावी. चित्राचे बिल व चित्रकाराचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. पुढे मुलांना ते चित्र विकावयाचे वा दान करावयाचे झाल्यास हेच कागद कामी येतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळत नाही. तो हक्क चित्रकाराचा असून त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांकडे राहू शकतो. सबब दिवाळीच्या कॅलेंडरावर अथवा दुकानाच्या पिशवीवर चित्र छापण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. जलरंगाचे चित्र थेट उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये. गोदामातल्या मालाची आपण पावसाळ्यात जी काळजी घेतो, तीच येथेही पुरते.

ते चित्र आज आमच्या गादीसमोर आहे. येणारे-जाणारे किंमत विचारतात. आम्ही सांगतो, चित्र चाळीस हजारांचे आहे. वरचे एकतीस हजार आमच्या अहंकाराचे. ते एकतीस हजारही रुग्णांच्याच कामी आले, म्हणून त्या रकमेचे दुःख नाही. दुःख आहे ते पाच आठवड्यांचे.

आपल्या समाजाने बोलीच्या रीतीतून मंदिरे उभारली, पाठशाळा आणि पांजरपोळ चालविले. ही रीत आता रुग्णालयाच्या आणि विद्यालयाच्या दारी जात असेल, तर तिच्याबरोबर तिचे जुने नियमही जावेत, अशी आमची नम्र विनंती आहे : बोली मर्यादेत राहून बोलावी, पैसा कोठे जातो ते पाहावे, आणि बोललेली रक्कम आठ दिवसांच्या आत पोहोचती करावी. एवढे सांभाळले की पाटी खुशाल वर करावी. चित्र मिळाले तर घराची शोभा, न मिळाले तर कागदावर लिहिलेला दानाचा आकडा संस्थेच्या पेटीत टाकून यावे.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी. जय जिनेंद्र.