सर्व्हर बंद न करता दुरुस्ती होते तरी कशी?

लोधीखेडा : दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला की पैशाचा हिशेब दूरच्या सर्व्हरवर होतो. असे बरेच सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सुरक्षेची चूक सापडली तर? मशीन बंद करावी तर व्यवहार अडतात. दुरुस्ती लांबवावी तर चोराला दार उघडे.

यावर उपाय ‘लाइव्ह पॅचिंग’. २०१५ मध्ये लिनक्स ४.० सोबत ही सोय मूळ कर्नलमध्ये आली. सदोष फंक्शनच्या सुरुवातीलाच कॉल टाकून काम नव्या फंक्शनकडे वळवतात.

धोका इथेच आहे. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर हा कॉल ५ बाइटचा. तो लिहीत असताना दुसऱ्या कोरने वाचला, तर अर्धी जुनी अर्धी नवी सूचना हाती येऊन मशीन कोसळू शकते. म्हणून आधी पहिल्या बाइटवर ‘ब्रेकपॉइंट’चा थांबा बसवतात, मग उरलेले ४ बाइट बदलतात, शेवटी पहिला. दर टप्प्यानंतर सगळ्या कोरना ताजा कोड वाचायला लावतात. मधेच कुणी थांब्यावर आलाच, तर कर्नल त्याला योग्य वाटेला लावतो.

मात्र कर्नलची पूर्ण नवी आवृत्ती घ्यायची, तर मशीन रीस्टार्ट करावीच लागते.