गाडीवरचे बारीक ओरखडे

लग्नाला पाहुण्यांची गाडी दारात येते. गाडी धुळीने भरलेली असते. घरातला एखादा मुलगा हौसेने पुढे होतो. खांद्यावरचे फडके घेतो आणि कोरडेच खसाखसा पुसू लागतो. धूळ जाते. गाडी चमकते. म्हातारी मंडळी म्हणतात, "पोरगं कामाचं आहे हो!"

दुसऱ्या दिवशी ऊन पडले की बघा. बॉनेटवर सूर्याची टिकली चमकत असते. तिच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल रेघा दिसतात. त्या रेघा त्या पोराने हौसेने काढलेल्या असतात!

फडके तर मऊ. मग रेघा कशाने पडल्या? धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळूचा कण काचेलाही ओरखडा काढतो, मग रंगाची काय कथा? फडक्याखाली तेच कण दाबले जातात आणि फिरतात. घरातले जुने स्टीलचे ताट उन्हात धरा. घासून घासून त्यावरही अशीच जाळी झालेली असते. खरे तर त्या रेघा गोल नसतात. उभ्या, आडव्या, तिरक्या, कशाही असतात. पण ज्या रेघांवरून ऊन परतून आपल्या डोळ्यांत येते तेवढ्याच चमकतात. म्हणून गोल भासतात.

आता हे ओरखडे जातात का? काही जातात, काही जात नाहीत. ते समजायला गाडीचा रंग कसा असतो ते पाहू.

भिंतीला आपण आधी गिलावा करतो, मग रंग देतो. गाडीचेही तसेच. खाली पत्रा. पत्र्यावर गंज रोखणारा थर. त्यावर अस्तर, म्हणजे प्राइमर. त्यावर रंग. आणि आताच्या बहुतेक गाड्यांवर सगळ्यांत वर एक बिनरंगी थर असतो. तो काचेसारखा आरपार दिसतो. गाडीची चकाकी ती याच थराची.

हा थर केवढा जाड असतो? हातातले हे पान चिमटीत धरा. सगळे थर मिळून एवढी किंवा थोडी जास्त जाडी भरते. वरचा बिनरंगी थर तर या पानाच्या निम्मा! एका मिलिमीटरचे १००० भाग केले, तर त्यातले ४० ते ५० भाग.

आपल्या कातडीवरचा ओरखडा भरून येतो. गाडीचा येत नाही. मग गॅरेजवाला ओरखडा काढतो म्हणजे काय करतो? तो ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणतो. रस्त्यातला खड्डा बुजवायचा नाही, सगळा रस्ताच खड्ड्याइतका खरवडायचा, असा हा कारभार आहे! दर वेळी थर पातळ होतो. एकदा गेलेला थर परत येत नाही. म्हणून घासायचे ते मोजून, जपून.

आधी गाडी सावलीत उभी करा. पत्रा गार होऊ द्या. वरून खाली भरपूर पाणी सोडा, म्हणजे माती आपोआप सुटेल. मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडी धुण्याच्या साबणाचे पाणी, दुसरीत साधे. फडके साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात बुडवा. शेवटी मऊ टॉवेल नुसता दाबून पाणी टिपा.

आता ओरखड्यावर पाण्याचा थेंब टाका. रेघ दिसेनाशी झाली, तर ओरखडा वरच्या थरातलाच आहे. मग नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर काम घरी होण्यासारखे आहे. नख अडकले तर हात आवरा.

स्पेअर पार्टच्या दुकानात पॉलिश मिळते. रबिंग कंपाउंडही मिळते. दोन्हींत घासणारी बारीक पूड असते. कंपाउंड जास्त खरखरीत असते, म्हणून सुरुवात पॉलिशने करा. मऊ, स्वच्छ फडक्याची घडी करा. तिला बोराएवढे पॉलिश लावा. वीतभर जागा धरा, हलक्या हाताने घासा, पुसा, उन्हाच्या तिरिपेत बघा. रेघ अंधूक झाली तरी पुष्कळ झाले. फडक्याला गाडीचा रंग लागू लागला तर लगेच थांबा. काही गाड्यांना वरचा थर नसतोच, त्यांचा रंग थोडा लागतो. पण ज्यांना थर आहे त्यांचा रंग लागला, म्हणजे थर संपला.

ही ठेच आम्हीही खाल्ली आहे. भावाची गाडी चकचकीत करून देऊ म्हणून आम्ही कंपाउंड घेऊन बसलो. सपाट जागा छान झाली. मग बॉनेटची कड घेतली. कडेला थर आधीच पातळ, आणि बोटांचा सगळा जोर तिथेच येतो. दहा मिनिटांत खालचे करडे अस्तर दिसू लागले! भाऊ काही बोलला नाही. रंगाचा खर्च मात्र आम्ही दिला. तेव्हापासून कडा आणि उंचवटे आम्ही सोडून देतो.

राख, विटकरीची पूड, भांड्यांची घासणी गाडीला लावूच नये. त्यांतले कण लहानमोठे असतात. एक रेघ जाते, शंभर पडतात.

ओरखड्यात करडे अस्तर किंवा उघडा पत्रा दिसत असेल तर घासून उपयोग नाही. जागा धुऊन कोरडी करा. त्याच रंगाचा टच-अप बारीक कुंचल्याने भरा. हे काम पावसाळ्यापूर्वी उरका. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी तर मुळीच दिवस घालवू नयेत, खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो.

मेणाचे पॉलिशही मिळते. ते रेघा काढत नाही, भरून झाकते. तेलाचा आणि रॉकेलचा हातही तेच करतो. म्हणून जुनी गाडी घ्यायला गेलात आणि ती फार तकाकत असली, तर विकणाऱ्याला म्हणा, "भाऊ, जरा साबणाने धुऊन कोरडी करा. मग उन्हात उभी करा." गाडी वाळेपर्यंत चहा घ्या. मग बॉनेटवर सूर्याची टिकली शोधा, आणि भाव बोला.